नादामागचं क्रियापद

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी, एक काळा फळा होता. सातवी ते नववी अशी तीन वर्षं तो फळा मी लिहिला. सुविचार, दिनविशेष आणि खाली एक नवा शब्द, अर्थासकट. शाळा साडेसातला भरायची, मी पावणेसातला हजर असायचे. खडू आदल्या रात्रीच साखरेच्या पाण्यात भिजत घातलेले असायचे. ओला खडू लिहिताना फिकट दिसतो, पण वाळला की अक्षर पांढरंशुभ्र उठून येतं आणि जाता-येता कुणाचा हात लागला तरी लगेच पुसलं जात नाही. ओळी आखायला दोरी खडूच्या भुकटीत घोळवायची, दोन मैत्रिणींनी दोन टोकं ताणून धरायची आणि मी मधोमध चिमटीत ओढून सोडायची. फट् असा आवाज व्हायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ उमटायची. त्या रेघेवर मग शिरोरेषा बसवायची.

दहावीत गेले आणि फळा सुटला. कुणी रागावलं नाही, कुणी बंदी घातली नाही. 'दहावीचं वर्ष आहे' एवढं एक वाक्य घरात आलं आणि ते पुरलं. महाराष्ट्रातल्या किती घरांत या वाक्यानं तबल्यावर खोळ चढली असेल, रंगपेटी माळ्यावर गेली असेल आणि घुंगरं फडक्यात बांधून ठेवली गेली असतील, कोण जाणे.

सेहेचाळिसाव्या वर्षी बँकेतली नोकरी स्थिरावली होती, मुलगा शिकायला बाहेरगावी गेला होता, घराचे हप्ते संपत आले होते. एका रविवारी दुपारी मनात आलं, यापुढे रोज सकाळी उठायचं ते कशासाठी? दुःख असं काही नव्हतं, पण आतून रितं वाटत होतं. चाळिशी-पन्नाशीत हा प्रश्न पुष्कळांना पडतो आणि त्यावर सल्लाही ठरलेला मिळतो: लहानपणीचा छंद पुन्हा सुरू कर. सल्ला खरा आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा मला काही अनुभवातून आणि काही मानसशास्त्राच्या वाचनातून कळला. तो जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगते.

किल्ला एक, मुलं पाच

दिवाळीचा किल्ला आठवा. विटा रचल्या, वर गोणपाट टाकलं, मातीचा चिखल थापला, हळीव आणि मोहरी पेरली. वाड्यातली किंवा सोसायटीतली पाच मुलं त्यावर चार दिवस राबली. मोठेपणी त्या पाचही जणांना विचारलं, तर प्रत्येक जण म्हणेल, 'मला लहानपणी किल्ला करायचं वेड होतं.' पण नीट पाहिलं तर प्रत्येकाचं वेड वेगळं होतं. एकाला चिखलात कोपरापर्यंत हात घालून आकार द्यायला आवडायचं. दुसरा सलाइनची नळी कुठूनशी पैदा करून तळ्यात पाणी खेळवत बसायचा. तिसरी मावळे, तोफा आणि गवळणी कुठे उभ्या करायच्या हे दहा वेळा मांडून मोडायची. चौथा किल्ला बघायला आलेल्या काका-काकूंना इतिहास सांगायला पुढे असायचा. पाचवी घरोघरी जाऊन वीट, पोतं, गेरू आणि जुनी खेळणी जमवायची. तिच्याशिवाय किल्लाच झाला नसता.

घडवणं, प्रवाहाला वाट काढून देणं, मांडणं, सांगणं, जमवाजमव करणं अशी ही पाच क्रियापदं. किल्ला हे नाम. नाम सगळ्यांचं एक होतं, क्रियापद ज्याचं त्याचं.

मोठेपणी आपण शोधतो ते नाम. चित्रकला, गाणं, क्रिकेट, पोस्टाची तिकिटं. मग ते नाम बाजारातून विकत आणतो आणि चार महिन्यांत ते कपाटात जातं. माझंही तसंच झालं. 'अक्षर' हे नाम हाताशी होतंच, म्हणून मी सुलेखनाचा वर्ग लावला. ब्रशपेनं घेतली, जाड कागद घेतला. वर्ग चांगला होता, शिकवणारे मनापासून शिकवत होते. पण तीन रविवारांनंतर माझं मन लागेना. घरी येऊन सुंदर अक्षरांचे कागद फायलीत घालायचे आणि फाइल बंद करायची. एकदा फाइल बंद करतानाच लक्षात आलं, की फळ्यावर मी कधीच नुसतं 'अक्षर काढत' नव्हते. पाणी प्यायला आलेली पोरं ओंजळीतून पाणी गाळत वर बघायची आणि वाचायची. पाचवीतला एखादा मुलगा 'ताई, चातक म्हणजे?' असं विचारायचा. माझं क्रियापद होतं, येता-जाता कुणीतरी वाचेल असं लिहिणं. फाइलमध्ये ते होणार कसं?

आपलं क्रियापद ओळखायला मला एक प्रश्न फार उपयोगी पडला: आईनं जेवायला तीन हाका मारल्या आणि तिन्ही ऐकू आल्या नाहीत, तेव्हा तुमचे हात काय करत होते? हा प्रश्न स्वतःला विचाराच, पण भावंडांना, आईला, जुन्या शेजाऱ्यांनाही विचारा. आपल्याला आपली बक्षिसं आठवतात, घरच्यांना आपल्याला पडलेली बोलणी आठवतात. आणि कशासाठी बोलणी खाल्ली हे शोधताना जास्त कामाचं असतं, कारण बोलणी खाऊनही जे आपण सोडलं नाही ते खरं आपलं.

कुणी सांगितलं नसताना

मूल एखादी गोष्ट कुणी न सांगता का करत राहतं, हा प्रश्न मानसशास्त्रात पन्नासहून अधिक वर्षं अभ्यासला गेला आहे. अमेरिकेतल्या एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयातल्या मुलांना सात तुकड्यांच्या ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं. ते इतकं गोडी लावणारं होतं, की मधल्या सुट्टीतही मुलं त्याच्याशी खेळायची. मग एका गटाला प्रत्येक कोडं सुटल्यावर पैसे देऊ केले आणि पुढच्या फेरीत ते थांबवले. पैसे थांबल्यावर त्या गटाचं सुट्टीतलं खेळणं कमी झालं. जे आधी फुकट आवडत होतं, ते आता फुकट करावंसं वाटेना.

१९७३ चा दुसरा प्रयोग मला जास्त बोचतो, कारण त्यातली मुलं तीन ते पाच वर्षांची होती. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी चित्रं काढायला आवडणारी ५१ बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, की रंगीत स्केचपेनांनी चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तीच पेनं मोकळी ठेवली. बक्षिसाच्या अटीवर चित्र काढलेली मुलं आता पेनांशी इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ रमली.

म्हणजे बक्षीस वाईटच असतं का? तसं नाही. अचानक मिळालेल्या प्रशस्तिपत्रानं काही बिघडलं नाही. बिघाड झाला तो 'हे केलंस तर ते देईन' या सौद्यानं. मूल तेव्हा नकळत स्वतःला सांगतं, की हे मी त्या चांदणीसाठी करतो आहे. आपल्याकडे गाण्याच्या परीक्षा, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा असतात. त्यांनी अनेक मुलांना शिस्त दिली, हेही मी पाहिलं आहे. पण ज्या घरात दर संध्याकाळी 'आज किती वेळ रियाझ झाला? परीक्षा कधी?' एवढंच विचारलं जातं, तिथे मूल परीक्षा पास होतं आणि पेटी बंद करतं. त्या पोराला आळशी म्हणू नये. सौदा पुरा झाला, एवढंच.

डेसी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी पुढे यातून एक मोठा सिद्धांत बांधला. त्याचा गाभा असा, की माणसाच्या मनाला तीन गोष्टी लागतात. हे मी माझ्या मर्जीनं करतो आहे असं वाटणं, मला हे हळूहळू जमतंय असं वाटणं आणि यामुळे मी कुणाशी तरी जोडलेला आहे असं वाटणं. मर्जी, जमणं आणि माणसं. लहानपणीच्या नादात बहुतेक वेळा ही तिन्ही एकत्र नांदत होती, म्हणून तो काळ अजून मनात तेवतो. नोकरीत कधी जमणं असतं पण मर्जी नसते, संसारात कधी माणसं असतात पण 'मला जमतंय' हे सांगणारं कुणी नसतं. आपल्यात यातलं नेमकं काय आटलं आहे हे बघितलं, की रितेपणाचं निदान बरंच सोपं होतं. माझ्यात मर्जी आटली होती आणि माणसंही.

मुलं ज्या अवस्थेत तीन हाका ऐकत नाहीत, तिला आपण 'तंद्री' म्हणतो. हंगेरियन वंशाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी त्या अवस्थेचा आयुष्यभर अभ्यास केला. काम कुवतीच्या किंचित वर असावं आणि चुकलं की बरोबर आलं ते लगेच कळावं, अशा वेळी ती लागते असं त्यांना दिसलं. फळ्यावर एकेक अक्षर असंच असतं. वेलांटी खाली ओघळली की त्याच क्षणी दिसते.

हात विसरत नाही, डोळा मात्र थांबलेला नसतो

तीस वर्षांनी एखादी गोष्ट पुन्हा हाती घेताना सगळ्यात मोठी भीती असते ती, 'आता काय जमणार!' याचं उत्तर दिलासा देणारं आहे. जर्मनीत हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं, की पूर्ण विसरलेली गोष्टही दुसऱ्यांदा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. वरवर पाटी कोरी दिसली, तरी खाली काहीतरी शिल्लक असतं.

हाताची कसरत तर मेंदूत वेगळ्याच ठिकाणी जपलेली असते. याचा पुरावा एका रुग्णाकडून मिळाला. १९५३ मध्ये फेफऱ्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर त्याची नवी आठवण साठवायची शक्तीच गेली. कॅनडातल्या ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. उलट्या प्रतिबिंबात बघत गिरवणं कुणालाही अवघडच. रोज त्याला वाटायचं, आपण हे पहिल्यांदाच करतो आहोत. पण त्याचा हात रोज सुधारत गेला. 'काय घडलं' हे मेंदू एका जागी ठेवतो आणि 'कसं करायचं' हे दुसरीकडे. म्हणून सायकल, पोहणं, पेटीवरची बोटं आणि पोळी लाटायची लय वर्षानुवर्षं न करताही पूर्ण जात नाहीत.

खडू पुन्हा हातात घेतला त्या दिवशी मला हे दंडात जाणवलं. कागदावर बोटं लिहितात, फळ्यावर खांदा लिहितो. पहिल्या दोन ओळी बोटांनी लिहिल्या आणि अक्षरं आखडली. तिसऱ्या ओळीला कोपर आपोआप वर उचललं गेलं, मनगट ताठ झालं आणि 'ळ'चं वळण एका दमात आलं. मी काही ठरवलं नव्हतं. चौदा वर्षांची मुलगी आतून येऊन हात धरून गेली.

पण याच टप्प्यावर अनेक जण सोडून देतात, आणि त्याचं कारण कुणी फारसं सांगत नाही. हात जिथे होता तिथेच राहिलेला असतो, पण डोळा आणि कान मधल्या तीस वर्षांत खूप पुढे गेलेले असतात. तबला सोडलेल्या माणसानं मधल्या काळात शेकडो मैफिली ऐकलेल्या असतात. स्वतः वाजवायला बसला की त्याला स्वतःचं वाजवणं ऐकवत नाही. चौदाव्या वर्षी हे दुखणं नव्हतं, कारण तेव्हा कान आणि हात जोडीनं चालत होते. माझंच अक्षर बघून मला पहिले दोन महिने त्रास व्हायचा. डोळा तयार झालाय याचाच तो त्रास होता. तो डोळा शिक्षकासारखा वापरायला लागल्यावर हात चढायला लागला.

आठवणींबाबत मात्र थोडं सावध राहावं लागतं. मोठ्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त संख्येनं आणि जास्त ठसठशीत येतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आठवणींचा हा उंचवटा आहे. तिथे जे पडलं ते दुरूनही चमकतं. त्यामुळे फळा आठवला की मला फळ्याबरोबर पहाटेचा गारवा, मैत्रिणी आणि हलकं शरीरही आठवतं. ते काही खडूनं परत येणार नाही. परत येऊ शकतं ते क्रियापद. बाकीच्याची हुरहुर वाटली तर वाटू द्यावी.

चिमणी ते पाखरांचा माणूस

आता खरा प्रश्न. आवड म्हणजे हेतू नव्हे. रविवारी दोन तास रमणं वेगळं आणि 'मी कशासाठी जगते' याचं उत्तर मिळणं वेगळं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम डेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हेतूची जी व्याख्या मांडली, ती मला सगळ्यात कामाची वाटते. तिच्यात तीन गोष्टी आहेत. तो टिकाऊ असतो, तो स्वतःला अर्थपूर्ण वाटतो आणि त्याचा स्वतःपलीकडच्या जगाला काही उपयोग असतो. तिसरी अट महत्त्वाची. आवड आपल्यापाशी संपते, हेतू आपल्याला ओलांडून पलीकडे जातो.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते पक्षितज्ज्ञ सालीम अली यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं. जन्म १८९६ चा, आईवडील लहानपणीच गेले, मुंबईत खेतवाडीला मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. दहा-बारा वर्षांचे असताना छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी दिसत नाही, मग कोणती? मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखून दिली आणि त्या लहान मुलाला कपाटांतले पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले.

वरवर बघितलं तर त्या मुलाची आवड शिकारीची होती. पण टिकली ती शिकार नव्हे. टिकला तो प्रश्न, 'ही कोणती?' न्याहाळणं आणि ओळख पटवणं हे त्यांचं क्रियापद.

ही गोष्ट इथून सरळ 'आणि ते मोठे पक्षितज्ज्ञ झाले' अशी सांगितली जाते आणि मधला रस्ता गाळला जातो. आपल्यासारख्यांना उपयोगी तो मधलाच रस्ता. ते ब्रह्मदेशात घरच्यांच्या खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवसायात गेले. धंदा बसला नाही, परत आले. प्राणिशास्त्र शिकले, पण विद्यापीठाची पदवी नसल्यानं हवी ती नोकरी मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात लोकांना माहिती सांगणारे मार्गदर्शक म्हणून लागले. पुढे बर्लिनला जाऊन पक्षिशास्त्रज्ञ एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परतले, तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. वय चौतिशीच्या आसपास, नोकरी नाही. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले.

आणि तिथे, ज्याला आपण 'वाईट काळ' म्हणू त्या काळात, समोरच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. ते बसून बघत राहिले. नर घरटं अर्धवट विणतो, माद्या येऊन तपासणी करतात, एखादीला पसंत पडलं की ती ते घेते, मग नर ते पुरं करतो आणि दुसऱ्या घरट्याला लागतो. हे बारकाव्यानिशी त्यांनी नोंदवलं आणि त्या अभ्यासानं त्यांचं नाव झालं. पुढे हैदराबाद संस्थानापासून सुरू करून देशभरच्या पाखरांच्या पाहण्या केल्या आणि १९४१ मध्ये सामान्य माणसाला पक्षी ओळखता येतील असं पुस्तक लिहिलं. मिलार्डनी एका मुलाला कपाट उघडून दाखवलं होतं. या पुस्तकानं तेच कपाट सगळ्या देशासाठी उघडलं. डेमन यांची तिसरी अट पुरी झाली ती इथे.

क्रियापद तेच ठेवून नाम बदलल्याचं दुसरं उदाहरण उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. चित्रकलेच्या ओढीनं १८८५ च्या सुमारास ते मुंबईत जे. जे. कलाशाळेत गेले आणि तिथे कळलं, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगकाम सुटलं, पण रेखाटणं सुटलं नाही. ते यंत्रांची चित्रं काढायला लागले, तेच शिकवायला लागले आणि त्या रेघांतून पुढे लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. चित्रकार व्हायचं राहून गेलं म्हणून ते थांबले असते तर?

सापडत नाही, वाढवावं लागतं

'तुमची आवड शोधा' या वाक्यात एक खोट आहे. त्यात असं गृहीत असतं, की आवड कुठेतरी तयार पडली आहे, सापडली की काम झालं. पॉल ओकीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांचे २०१८ मधले प्रयोग यावरच होते. त्यांनी विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरची एक रंजक चित्रफीत दाखवली. सगळ्यांना गोडी वाटली. मग त्याच विषयावरचा एक अवघड लेख वाचायला दिला. आवड 'सापडते' असं मानणाऱ्यांची गोडी झटकन ओसरली. अवघड वाटतंय म्हणजे ही माझी आवड नसावी, असा त्यांचा समज झाला. आवड 'वाढते' असं मानणारे त्यामानानं टिकून राहिले.

म्हणून क्रियापद सापडणं ही सुरुवात धरावी. बी सापडलं, आता पाणी घालावं लागेल. 'आवड असली की सवड मिळते' असं आपण म्हणतो. माझा अनुभव उलटाही आहे. आधी थोडी सवड काढून ठेवली, की आवड येऊन बसते. मी रोज सकाळी पंचवीस मिनिटं ठरवली. त्यापेक्षा जास्त नाही, कारण बँक आहे, घर आहे, सासूबाईंची औषधं आहेत. खर्च खडूच्या एका डबीचा. महागडं सामान आधी घेऊ नये असं मी कळकळीनं सांगेन. सामान घेतल्यावर काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि प्रत्यक्ष करणं मागे पडतं. पहिले सहा महिने फोटो काढून कुणाला पाठवायचे नाहीत, असंही ठरवलं. अंगठे मोजायला लागले असते, तर मीही त्या बालवाडीतल्या मुलांसारखी चांदणीसाठी लिहायला लागले असते.

आवडीचंही वेड होऊ शकतं. कॅनडातले रॉबर्ट व्हॅलरँड आवडीचे दोन प्रकार सांगतात. एक, बाकीच्या आयुष्याशी जुळवून घेणारी. दुसरी, माणसाला ताब्यात घेणारी. मराठीत 'छंद लागला' आणि 'नादी लागला' यांत तोच फरक आहे. ओळखायची खूण सोपी: एखाद्या दिवशी करता आलं नाही तर हुरहुर वाटते, की चिडचिड होऊन घरच्यांवर निघते? दुसरं होत असेल तर जरा थांबावं.

आणि ज्यांना लहानपणी कसला नादच करायला मिळाला नाही त्यांचं काय? आमच्या वर्गातल्या किती तरी मुली शाळा सुटली की धाकट्या भावंडांना सांभाळायच्या, पाणी भरायच्या, शेतात जायच्या. त्यांच्यापुढे 'बालपणीची आवड' हा शब्द टाकणं क्रूर आहे. पण त्यांच्याही हातांना क्रियापदं होती. पाणवठ्यावर भांडणं मिटवणारी एक होती. भावंडांना झोपवताना रोज नवी गोष्ट रचणारी एक होती. कामातही माणसाचा कल दिसतो. आणि नसेलच काही सापडत, तर पन्नाशीत नवी आवड लावून घ्यायला कुणाची हरकत आहे? सगळं बालपणातच ठरतं असं कुठलंही शास्त्र सांगत नाही.

एक गोष्ट गांभीर्यानं. आठवडे उलटले तरी कशातच गोडी वाटत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर तो हरवलेल्या छंदाचा प्रश्न नाही. तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. डॉक्टरांना भेटावं. मानसिक आरोग्यासाठी असलेल्या सरकारच्या टेलि-मानस या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

वाचनालयाच्या दारात

आमच्या घराजवळ एक जुनं वाचनालय आहे. त्याच्या दाराशी एक फळा होता, त्यावर फक्त 'वर्गणी भरावी' एवढंच लिहिलेलं असायचं. मी कार्यवाहांना विचारलं, रोज सकाळी एक शब्द लिहू का? ते म्हणाले, लिहा की.

झुंजूमुंजू. रांजण. सांजवात. शब्द लिहायचा, खाली एका वाक्यात अर्थ. पहिला महिना कुणी थांबत नव्हतं. मग दूध आणायला जाणारे एक आजोबा थांबायला लागले, मग शाळेच्या रिक्षेची वाट बघणारी दोन मुलं. धाकटा जोडाक्षरं अडखळत वाचतो, मोठी त्याला दुरुस्त करते.

गेल्या पावसाळ्यात मी 'पाणंद' लिहिलं. खाली अर्थ, दोन शेतांमधली किंवा कुंपणांमधली अरुंद वाट. संध्याकाळी बँकेतून परतताना बघितलं, तर माझ्या ओळीखाली वेगळ्या, जरा थरथरत्या अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं: 'आमच्या विदर्भात पांदण म्हणतात. पावसाळ्यात गुडघाभर चिखल.' आणि त्याच्याही खाली, अगदी बारीक, पोराच्या हातचं: 'आमच्या कोकणात पाखाडी, पण तिला दगड असतात.'

दुसऱ्या दिवशी मी शब्द वरच्या अर्ध्या भागातच लिहिला. खालचा अर्धा फळा मोकळा ठेवला आणि खिळ्याला दोरीनं एक खडू बांधून ठेवला, रिक्षेची वाट बघणाऱ्या धाकट्याचा हात पोचेल इतक्या उंचीवर.